पाळक ग्रुंटविग आणि त्यांचा उदास म्हणविलेला देश

घाटावरील माणसें पावसाळ्यांत खालीं महाडास उतरलीं म्हणजे परत जातांना कोंकणच्या माणसाविषयीं कांहीं ठराविक शब्द बरोबर घेऊन जातात. कोंकणी मनुष्य कुरकुऱ्या, संशयी, आपल्यांतच राहणारा, आषाढांतल्या आभाळासारखा, असे ते शब्द असतात. तींच माणसें शिमग्यांत पोलादपुरावरून गेलीं, किंवा गौरी-गणपतींत रात्रीं जाखडीचा फेर पाहून गेलीं, म्हणजे निराळेंच सांगतात. मग कोंकणी मनुष्य हौशी, विनोदी व गाण्यानाचण्याचा भोक्ता ठरतो. खोरें एकच, माणसें तींच. आमच्या मतें दोन्ही बोलण्यांत थोडें तथ्य आहे, आणि दोन्ही उतावळेपणानें ठरविलेलीं आहेत.

युरोप खंडांतील डेन्मार्क देशाची गोष्ट अशीच आहे. तो देश लहान व सपाट. त्यांतील सर्वांत उंच जागा समुद्रसपाटीपासून अवघी १७१ मीटर. आपला रायगड किल्ला ८२० मीटर आहे. डिसेंबर महिन्यांत तेथें दिवस जेमतेम सात तासांचा असतो, आणि त्यांतही बहुधा आभाळच असतें. अशा देशाच्या एका राजपुत्रावर शेक्सपियर ह्या इंग्रज कवीनें हॅम्लेट नांवाचें नाटक लिहिलें. बापाच्या मृत्यूनें खचलेला तो काळ्या वस्त्रांतला राजपुत्र जगाला इतका परिचित झाला कीं, सगळा देशच उदास समजला जाऊं लागला. गोपाळ गणेश आगरकर ह्यांनीं तें नाटक विकारविलसित ह्या नांवानें मराठींत आणिलें; तेव्हां आपल्यांतील ज्या जुन्या वाचकांस डेन्मार्क ठाऊक झाला, त्यांतील कित्येकांस तो ह्या खिन्न राजपुत्राकडूनच झाला. पुढें सोरेन किर्केगार्ड (१८१३ ते १८५५) हा तत्त्वज्ञ तेथें निपजला. त्यानें आपल्या अंतःकरणांतील काळोख इतक्या बारकाईनें लिहून ठेविला कीं, जुन्या समजुतीवर जणूं शिक्काच बसला.

असें असतां २०१२ सालीं निरनिराळ्या देशांतील लोकांच्या समाधानाचा पहिला जागतिक अहवाल निघाला, त्यांत पहिला क्रमांक डेन्मार्कचा आला! २०१३ व २०१६ सालींही तोच पहिला होता. २०१८ पासून फिनलंड हा त्याच बाजूचा थंड देश वर चढला, तरी २०२५ पर्यंतच्या प्रत्येक अहवालांत डेन्मार्क पहिल्या तिघांतच राहिला आहे. ह्या अहवालासाठीं माणसास असें विचारतात कीं, एक दहा पायऱ्यांची शिडी आहे असें समजा. अगदीं वर तुमच्या दृष्टीनें उत्तमांतलें उत्तम जीवित, तळाशीं वाईटांतलें वाईट. तर तुम्ही आज कोणत्या पायरीवर उभे आहां? ह्या प्रश्नाचा हसण्याशीं किंवा नाचण्याशीं संबंध नाहीं. एखादा मनुष्य रात्रीं एकटा रडत असेल, आणि तरी आपण सातव्या पायरीवर आहों असें खरेपणानें सांगेल. आजारांत औषध मिळतें, मुलांस शाळा आहे, शेजारी फसविणार नाहीं, म्हातारपणीं उघडें पडावें लागणार नाहीं, असा भरंवसा असला म्हणजे मनुष्य वरची पायरी सांगतो. तेव्हां उदास लोक आनंदी कसे झाले असें न विचारतां, उदास लोकांनीं एकमेकांच्या पायांखालीं पायऱ्या कशा बांधल्या असें विचारणें बरें. तसें विचारलें कीं एका पाळकाचें नांव पुढें येतें, व त्यांचेंच चरित्र येथें थोडक्यांत द्यावयाचें आहे.

त्या देशाचें आपणां मराठी ख्रिस्ती लोकांवर एक ऋण आहे, तेंही जातां जातां सांगितलें पाहिजे. विल्यम कॅरी व त्यांचे सोबती ह्यांना इंग्रज कंपनी आपल्या मुलखांत मिशनचें काम करूं देईना, तेव्हां बंगाल्यांतील श्रीरामपूर ह्या डेन्मार्कच्या ताब्यांतील गांवीं त्यांस १८०० सालीं आश्रय मिळाला. तेथें उभारलेल्या छापखान्यांतून मत्तयाचें शुभवर्तमान १८०५ सालीं, आणि संपूर्ण नवा करार १८११ सालीं, मराठींत छापून निघाला. त्याच १८११ सालीं ज्यांस पाळकपणाची दीक्षा मिळाली, ते आमचे चरित्रनायक होत.

निकोलाय फ्रेडरिक सेवेरिन ग्रुंटविग ह्यांचा जन्म ८ सप्टेंबर १७८३ रोजीं झीलंड बेटावरील उड्बी ह्या खेडेगांवीं झाला. वडील त्या गांवचे पाळक. घरीं मालेने नांवाची एक अधू, वयस्क बाई आश्रयास होती. ती सूत कातीत असे आणि कातीत असतांना गीतें म्हणत असे. ह्या मुलानें पहिलीं गीतें तिच्या तोंडून शिकलीं. पुढें ह्याच माणसानें सुमारे पंधराशें गीतें रचिलीं व सगळ्या देशाच्या उपासनेला नवा सूर दिला, हें ध्यानांत घेतलें म्हणजे त्या बाईचें नांव चरित्रांतून गाळावेंसें वाटत नाहीं. आपल्या गांवींही एखादी आजी असतेच, जिला अक्षरओळख नसते पण सारीं गीतें पाठ असतात.

नवव्या वर्षीं मुलाला दूर जटलंडांतील एका पाळकाकडे शिकावयास पाठविलें. तो भाग माळरानाचा व गरीब शेतकऱ्यांचा. तेथें सहा वर्षें त्यानें त्यांच्या घरांतील जुन्या गोष्टी ऐकिल्या. नंतर ऑर्हूस शहरच्या लॅटिन शाळेंत दोन वर्षें गेलीं, त्यांची आठवण त्यांना जन्मभर कडू वाटली. न कळणाऱ्या परभाषेंतील घोकंपट्टी, वर शिक्षा, आणि घरच्या बोलीविषयीं तुच्छता! अशी शाळा मुलांस जिवंतपणीं मारिते असें त्यांचें मत तेथेंच बनलें. पुढें कोपनहेगनच्या विद्यापीठांत धर्मशास्त्राची परीक्षा ते १८०३ सालीं उतरले, पण विश्वास म्हणावा असा त्या वेळीं त्यांच्यांत थोडाच उरला होता.

१८०५ सालीं लांगेलांड बेटावरील एका जमीनदाराच्या मुलास शिकविण्याची नोकरी त्यांनीं धरिली. तेथें त्या घरच्या मालकिणीवर त्यांचें मन बसलें. त्यांनीं तें मनांतच कोंडून ठेविलें व तीन वर्षांनीं शहरास परत आले. ह्याच काळांत देशावरही घाला पडला होता. १८०७ च्या सप्टेंबरांत इंग्रजांनीं कोपनहेगन शहरावर तोफा डागिल्या व डेन्मार्कचें सारें आरमार ओढून नेलें.

आतां १८१० सालाची हकीकत. म्हाताऱ्या वडिलांची इच्छा होती कीं मुलानें येऊन आपल्या हाताखालीं काम करावें. मुलाला शहर व पुस्तकें सोडवेनात. त्यानें दीक्षेपूर्वींच्या परीक्षेचा उपदेश केला, त्यांत देशांतील सर्व पाळकांवर ठपका ठेविला कीं देवाचें वचन तुम्हीं मंदिरांतून घालवून दिलें आहे, आणि तो उपदेश छापूनही काढिला. पाळक रागावले, वरिष्ठांकडून पुढें ठपका आला. पण त्या आधींच एका प्रश्नानें त्यांस आंतून धरिलें होतें. दुसऱ्यांस विश्वासहीन म्हणणारा मी स्वतः ख्रिस्ती आहें काय? ह्या प्रश्नाचें उत्तर त्यांना देतां येईना. झोंप गेली, अन्न गेलें, मन पार ढासळलें. डिसेंबरांत सिबर्न नांवाचा मित्र त्यांस गाडींत घालून उड्बीकडे निघाला. वाटेंत एका खाणावळींत मुक्काम पडला. रात्रीं मित्राला जाग आली तों हे कोपऱ्यांत गुडघे टेकून मोठ्यानें प्रार्थना करीत होते. सैतान आपल्या अंगाला सर्पासारखें वेटोळें घालीत आहे असें त्यांस वाटत होतें. मित्रानें त्यांस तसेंच घरीं पोंचविलें. पंचाहत्तरी ओलांडलेल्या बापानें त्यांस घरांत घेतलें, बरें होऊं दिलें, आणि १८११ सालीं दीक्षा झाल्यावर आपल्या हाताखालीं गांवचें काम दिलें. ह्याच काळोखाच्या दिवसांत त्यांनीं मुलांसाठीं नाताळांतील ताऱ्याचें एक गीत रचिलें, जें डेन्मार्कांत आजही लहान मुलें म्हणतात.

आपल्या खोऱ्याला हें प्रकरण परकें वाटूं नये. २२ जुलै २०२१ रोजीं महाड तालुक्यांतील तळिये गांवावर दरड कोसळून ऐंशींहून अधिक माणसें गेलीं. त्याच पावसांत महाड शहर पाण्याखालीं गेलें, व पोलादपूर तालुक्यांतही दरडींनीं माणसें घेतलीं. त्यापूर्वीं २ ऑगस्ट २०१६ च्या रात्रीं सावित्रीवरील जुना पूल वाहून गेला, आणि त्याबरोबर एस. टी. च्या दोन गाड्या, आंतील उतारूंसह. अशा घरांतील मागें राहिलेल्या माणसाला, विश्वास आहे तर मग तोंड उतरलेलें कां, असें विचारणारे उपदेशक आम्हीं पाहिले आहेत. असें विचारणारा बहुधा स्वतः सुखरूप असतो. सिबर्नानें रात्रभर सोबत केली, व म्हाताऱ्या पाळकानें घर व काम दिलें. दोघांनींही व्याख्यान दिल्याचें चरित्रांत येत नाहीं.

ग्रुंटविग ह्यांचें तें दुखणें एकदांच येऊन गेलें नाहीं. खिन्नतेचे व अति उत्साहाचे झटके त्यांना पुढेंही आले, आणि आजचे कित्येक अभ्यासक तो एक आजार होता असें मानतात. आम्हांसही तसेंच वाटतें. त्याला पापाची शिक्षा म्हणणें अन्यायाचें होईल.

वडील १८१३ च्या आरंभीं वारले. त्याच महिन्यांत डेन्मार्कच्या सरकारचें दिवाळें वाजलें, आणि पुढच्या वर्षीं शेंकडों वर्षें जोडलेला नॉर्वे देश हातचा गेला. ग्रुंटविग ह्यांस बराच काळ जागा मिळाली नाहीं. ते लिहीत बसले. १८१८ सालीं लग्न झालें. १८२१ नंतर पाळकाची जागा मिळाली ती चार-पांच वर्षेंच टिकली, कारण १८२५ सालीं त्यांनीं क्लाउसेन नांवाच्या एका प्राध्यापकाविरुद्ध पुस्तक लिहून, ह्यानें एक तर क्षमा मागावी नाहीं तर शिकविणें सोडावें, असें बजाविलें. प्राध्यापकानें अब्रुनुकसानीचा दावा केला व जिंकला. ग्रुंटविग ह्यांनीं जागा सोडिली, आणि त्यांचें लिखाण सरकारी तपासणीवांचून छापावयाचें नाहीं असें ठरलें. तें बंधन १८३७ सालीं सुटलें. त्या पुस्तकांतील मुख्य मुद्दा असा होता कीं, मंडळीचा पाया विद्वानांनीं ठरविलेल्या ग्रंथार्थावर नसून, बाप्तिस्म्याच्या वेळीं सगळी मंडळी जो विश्वासांगीकार तोंडानें बोलते त्या जिवंत शब्दावर आहे. शास्त्राला येणें दुय्यम स्थान देणें आम्हांस पटत नाहीं, आणि प्राध्यापकावरील त्यांची भाषा तर मुळींच पटत नाहीं. पण अक्षरशून्य म्हातारीचा विश्वास विद्वानाच्या विश्वासाहून कमी नाहीं, ही त्यांतील ओढ समजण्यासारखी आहे. मालेने तेथें दिसते.

१८२९ ते १८३१ ह्या तीन उन्हाळ्यांत ते इंग्लंडास गेले. ज्या लोकांनीं आपली राजधानी जाळिली त्यांच्याच देशीं जाऊन ते खूष झाले, हें विशेष! लोक कामाला कसे भिडतात, आणि केंब्रिजच्या विद्यालयांत गुरुशिष्य एकत्र राहून एकत्र कसे जेवतात, हें त्यांनीं पाहिलें. परत आल्यावर एका विचारानें त्यांना घेरलें. शेतकऱ्यांच्या तरुण मुलांसाठीं अशी शाळा पाहिजे, जींत लॅटिन नाहीं, परीक्षा नाहीं, गुण नाहींत. मातृभाषा आहे, देशाचा इतिहास आहे, गाणें आहे, व मोकळें बोलणें आहे.

शेतकऱ्यांसाठींच कां, हें समजण्यास थोडें मागें जावें लागेल. १७३३ पासून डेन्मार्कांत असा कायदा होता कीं शेतकरी पुरुषानें जमीनदाराची हद्द सोडून जावयाचें नाहीं. पुढें पुढें चार वर्षांच्या पोरापासून चाळीस वर्षांच्या माणसापर्यंत सर्व त्यांत बांधले गेले. १७८८ सालीं हा कायदा रद्द झाला, तेव्हां ग्रुंटविग चार वर्षांचे होते. परदेशी प्रवासी डेन्मार्कचा शेतकरी मंद, घुमा व दुर्मुखलेला असें लिहीत, आणि तो देशाच्या हवेचा गुण मानीत. पण ज्याला आपल्या गांवची वेस ओलांडण्याची मोकळीक नाहीं, त्यानें कोणत्या आनंदानें हसावें? ज्या महाडांत १९२७ च्या मार्चांत डॉ. बाबासाहेब आंबेडकर ह्यांच्या मागोमाग हजारों माणसें चवदार तळ्याचें पाणी प्यालीं, तेथील वाचकांस हें फोड करून सांगावयास नको. पिढ्यान्‌पिढ्या खालीं मान घालावयास लाविलेल्या माणसाच्या मौनाला पुष्कळ लोक त्याचा स्वभाव समजतात.

कायदा सुटला तरी मान एकदम वर होत नाहीं. ग्रुंटविग ह्यांचें सारें म्हणणें ह्याच ठिकाणीं होतें. मनुष्य आधीं मनुष्य म्हणून उभा राहिला पाहिजे, त्याच्या बोलीला व त्याच्या पूर्वजांच्या आठवणीला मान मिळाला पाहिजे. मगच त्याचें ख्रिस्तीपणही खरें होतें, असें ते सांगत.

१८४४ सालच्या आरंभीं पुन्हां तो जुना काळोख आला. कित्येक आठवडे ते कोणत्याही कामाचे राहिले नाहींत. पुष्कळांस वाटलें, साठी ओलांडलेला मनुष्य, आतां संपला. आणि त्याच वर्षाच्या जुलैंत जटलंडच्या दक्षिणेस स्काम्लिंगच्या टेकडीवर हजारों लोकांच्या मेळ्यापुढें ते उभे राहिले व मातृभाषेच्या बाजूनें बोलले. नोव्हेंबरांत रोडिंग ह्या गांवीं त्यांच्या कल्पनेची पहिली लोकशाळा उघडली. एकाच वर्षांत एकाच माणसाच्या जीवितांत हें सर्व घडलें. तेव्हां त्यांस उदास म्हणावयाचें कीं आनंदी, हें ज्यानें त्यानें ठरवावें.

त्यांनीं स्वतः अशी शाळा कधीं चालविली नाहीं. तें काम दुसऱ्यांनीं केलें, व त्यांत क्रिस्टेन कोल्ड हा एका चांभाराचा मुलगा सर्वांत पुढें होता. त्यानें १८५१ सालीं फ्यून बेटावर शाळा काढिली. तो विद्यार्थ्यांबरोबर एकाच छपराखालीं झोंपे, एकाच ताटवाढीचें जेवे, व त्यांना गोष्टी सांगे. शेतीचें काम थंडीनें थांबलें म्हणजे नोव्हेंबरापासून तरुण मुलगे येत. पुढें उन्हाळ्यांत मुलींसाठींही वर्ग निघाले. दिवसाचा आरंभ सर्वांनीं मिळून गाण्यानें होई. बाहेर मिट्ट काळोख, आंत दिव्याभोवतीं गुराख्याची व कुळाची मुलें मोठ्यानें गात आहेत, असें चित्र डोळ्यांपुढें आणावें.

१८६४ सालीं जर्मनांशीं झालेल्या युद्धांत डेन्मार्कनें राज्याचा सुमारे दोन पंचमांश मुलूख गमाविला; रोडिंगचें गांवही सरहद्दीपलीकडे गेलें. शिक्षकांनीं शाळा उचलून १८६५ सालीं सरहद्दीच्या अलीकडे आस्कोव येथें नेली. शोक करण्याला ह्याहून मोठें कारण तें काय असावें. पण नेमक्या ह्याच पराभवानंतर लोकशाळा झपाट्यानें वाढल्या. १८८२ सालीं पश्चिम जटलंडांत येडिंग ह्या खेड्यांत शेतकऱ्यांनीं पहिली सहकारी दूधशाळा काढिली. ज्याच्या गाई अधिक त्याचीं मतें अधिक असें न ठेवितां, पुढें ह्या दूधशाळांतून माणशीं एक मत हा नियम रूढ झाला, आणि विसाव्या शतकाच्या आरंभास त्या देशांत अशा सुमारे हजार दूधशाळा होत्या. हें सारें शाळांनींच घडविलें असें म्हणणें अतिशयोक्तीचें होईल. लोणी विकत घेणारा इंग्लंड देश जवळच होता. परंतु दूध आणणाऱ्या शेजाऱ्यानें त्यांत पाणी घातलें नाहीं हा भरंवसा यंत्रांतून येत नाहीं. एका हिवाळ्यांत एकत्र जेवलेलीं व एकत्र गाइलेलीं माणसें त्या मंडळांच्या सभांत समोरासमोर बसत. आजही तेथें सुमारे सत्तर लोकशाळा चालू आहेत.

ग्रुंटविग ह्यांचा उत्तरकाळ कोपनहेगनांतील वार्तोव येथें गेला. तेथें गरीब वृद्ध स्त्रियांसाठीं आश्रम होता, त्याच्या लहानशा मंदिराचे पाळक ते १८३९ पासून मरेपर्यंत होते. पूर्वीं उपासनेंत लोक रडत-रेंगत गात. येथें म्हाताऱ्या, शेतकरी, विद्यार्थी, आणि पुढें विधवा राणी कॅरोलिन अमालीसुद्धां, एकाच बांकांवर बसून उच्च स्वरानें गाऊं लागलीं, व तें गाणें ऐकण्यास लांबलांबचे लोक येत. किर्केगार्ड ह्याला ही सगळी गर्जना आवडत नसे. एकट्या माणसानें देवापुढें भयानें उभें राहावें असें त्याचें म्हणणें, आणि गाणाऱ्या मेळ्यांत तें भय हरवतें असा त्याचा आक्षेप. आक्षेप पोकळ नव्हता. मात्र ज्यावर तो केला तो मनुष्य त्या खाणावळीच्या कोपऱ्यांतून आलेला होता. डेन्मार्कच्या वसाहतींतील गुलाम सोडविण्यासाठीं १८३९ सालीं जी समिति निघाली तींतही ग्रुंटविग होते. ते गुलाम १८४८ सालीं मुक्त झाले. १८४८-४९ सालीं देशाची राज्यघटना करणाऱ्या सभेंतही ते बसले.

पहिली पत्नी १८५१ सालीं वारली. त्याच वर्षीं त्यांनीं दुसरें लग्न केलें, तें पुष्कळांस रुचलें नाहीं. ती पत्नीही तीन वर्षांच्या आंत गेली. चौऱ्याहत्तराव्या वर्षीं तिसरें लग्न झालें. १८६१ सालीं त्यांस बिशप ही पदवी मिळाली. १८६७ सालच्या झावळ्यांच्या रविवारीं, भर उपासनेंत, राणीच्या समोर, तो जुना आजार अति उत्साहाच्या रूपानें उसळला. बोलणें आवरेना, कृतीला धरबंध राहिना. मंडळी घाबरली, डॉक्टर बोलवावे लागले. कांहीं महिन्यांनीं ते बरे झाले, व मंडळीनें त्यांस पुन्हां त्याच व्यासपीठावर उभें केलें. त्र्याऐंशीं वर्षांच्या, सर्वांदेखत तोल गेलेल्या पाळकास परत बोलाविणारी ती मंडळी आम्हांस फार थोर वाटते.

पुढें आणखी पांच वर्षें ते तेथें उपदेश करीत राहिले. १ सप्टेंबर १८७२ हा रविवार होता. त्या दिवशीं त्यांनीं वार्तोवांत नेहमींप्रमाणें उपासना चालविली. दुसरे दिवशीं दुपारीं आपल्या खुर्चींत बसले असतां त्यांचा प्राण गेला. एकोणनव्वद वर्षें पुरीं होण्यास सहा दिवस उणे होते.